कोणती संगणक-भाषा शिकावी? आधी काम पाहा, मग औजार निवडा

दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रत्येक शहराच्या बाजारपेठेत एक नवा हंगाम सुरू होतो. चौकात, बस स्टँडसमोर, शाळेच्या रस्त्यावर संगणक प्रशिक्षणाचे फलक लागतात. एका फलकावर जावा, दुसऱ्यावर पायथन, तिसऱ्यावर तर ‘एका वर्षात बारा भाषा’ अशी घाऊक योजना. मुलगा घरी येऊन म्हणतो, "अब्बा, मला पायथनचा क्लास लावायचा आहे." शेजारचे चाचा सांगतात की त्यांचा भाचा जावा शिकला आणि पुण्यात नोकरीला लागला, तेव्हा जावाच बरे. या दोन शब्दांतला फरक बापाला ठाऊक नसतो. तो गल्ल्यातून फी काढून देतो, कमी पडली तर भिशी उचलतो, आणि पोराचे भले होईल या आशेवर पुन्हा दुकानात जाऊन बसतो.

यात बापाची चूक नाही आणि मुलाचीही नाही. पण जो व्यापारी कापडाचा तागा हातात घेऊन, उलगडून, चुरगाळून पाहिल्याशिवाय सौदा करत नाही, तोच आपल्या मुलाची दोन वर्षे आणि घरची शिल्लक एका फलकाच्या भरवशावर देऊन टाकतो, ही गोष्ट आम्हाला खटकते. कोणती भाषा शिकावी, हा प्रश्न आम्हालाही वारंवार विचारला जातो. त्याचे एका शब्दात उत्तर देण्याचे आम्ही नेहमीच टाळले आहे. आज मात्र त्यावर सविस्तर लिहीत आहोत, कारण चुकीच्या निवडीची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे.

आमचा जुना हिशेब

१९९० च्या दशकात आम्ही आमच्या घाऊक दुकानाचा मालाचा आणि उधारीचा हिशेब संगणकावर घेतला. ओळखीच्या एका तरुणाने डॉसवर चालणारा फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम लिहून दिला. त्या काळी डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो हीच दुकानदारीची भाषा होती. प्रोग्रॅम उत्तम चालला. रोजमेळ लिहायला जिथे दोन तास जात तिथे अर्धा तास पुरू लागला. आम्ही खूश होतो. पुढे तो तरुण आखातात निघून गेला. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात तो, आमच्याकडे नव्हताच. आमच्याकडे होती ती फक्त चालणारी फाइल. कराचे दर बदलले, बिलाचा नमुना बदलला, पण प्रोग्रॅममध्ये एक रकानाही वाढवता येईना. जुना संगणक बंद पडला आणि नवा आणला, तर ६४ बिटच्या नव्या विंडोजवर डॉसचा तो प्रोग्रॅम सुरूच होईना. इतक्या वर्षांचे खातेदार, त्यांची बाकी, मालाची खरेदी-विक्री, सारे एका पेटीत बंद होते आणि पेटीची किल्ली परदेशात.

सुदैवाने आतली माहिती डीबीएफ नावाच्या ज्या फायलींत होती, त्या फायली आजही लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. त्यामुळे खातेदार वाचले. प्रोग्रॅम मात्र गेला तो गेलाच. त्या दिवशी आम्ही एक धडा शिकलो. प्रोग्रॅमपेक्षा माहिती जास्त काळ जगते आणि ती माहिती ज्या साच्यात ठेवली तो साचा सर्वांना खुला असेल तरच ती आपली राहते.

फॉक्सप्रोचे जे झाले ते इतरांचेही झाले. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केले की व्हिज्युअल फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही आणि २०१५ च्या जानेवारीत त्याचा आधारही संपला. ‘व्हिज्युअल बेसिक ६’ हे १९९८ चे औजार. ते शिकून हजारो तरुण नोकरीला लागले, पण २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकासाचे साधन म्हणून वाऱ्यावर सोडले. वेबसाइटवर हलती चित्रे करण्यासाठी फ्लॅश शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअर कायमचा बंद केला. या तिन्ही गोष्टी वाईट होत्या असे नव्हे. पण त्या एकेका कंपनीच्या मालकीच्या होत्या, आणि मालकाने शटर ओढले की आत काम करणारा कारागीर रस्त्यावर येतो.

टिकले ते का टिकले?

याच्या उलट बाजूही पाहावी. कोबोल ही भाषा १९५९ मध्ये आकाराला येऊ लागली. तिच्या मृत्यूची बातमी कितीदा तरी छापून आली. तरीही २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या काळात, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारे लोक मदतीला या, असे जाहीर आवाहन करावे लागले. बेकारी भत्त्याची त्यांची यंत्रणा त्याच जुन्या भाषेत होती आणि अर्जांचा पूर आला होता. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केली. आजही लिनक्सचा गाभा मुख्यतः तिच्यातच आहे. माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा १९७४ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी मांडली, १९८६ मध्ये ती अमेरिकी प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि पन्नास वर्षांनंतरही बँक, रेल्वे, इस्पितळ, किराणा, कुठेही माहितीचा साठा असेल तिथे बहुधा तीच लागते.

या भाषा टिकल्या त्या कुणाच्या जाहिरातीमुळे नव्हे. एक तर त्यांच्यावर कुणा एका कंपनीची मक्तेदारी राहिली नाही. आणि दुसरे म्हणजे त्या अशा कामाला जुंपल्या गेल्या जे काम थांबूच शकत नाही. पगार, जमाखर्च, तिकीट, वीजबिल ही कामे कुठल्याही राजवटीत चालतात.

एका गोष्टीचे भान मात्र ठेवावे. टिकाऊ भाषाही अंगावरचे कपडे बदलते. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० रोजी बंद झाली, आणि मधल्या सुमारे अकरा वर्षांत लोकांना आपले जुने लिखाण नव्यात आणावे लागले. ज्यांना पाया पक्का होता त्यांना हे काम काही आठवड्यांचे झाले. ज्यांनी फक्त पाठ केले होते ते अडकले.

शिंप्याचे उदाहरण

आमचे मत आम्ही साध्या शब्दांत सांगतो. संगणकाची भाषा हे औजार आहे. शिंप्याला कटिंग येत असेल तर तो पायाच्या मशीनवरही कुर्ता शिवतो आणि विजेच्या मशीनवरही. कटिंग येत नसेल तर सर्वांत महाग मशीन आणून दिले तरी कापड वायाच जाते. प्रोग्रॅमिंगमध्येही कटिंग वेगळे आणि मशीन वेगळे. एखादे काम लहान लहान पायऱ्यांत तोडणे, कोणती पायरी कधी पुन्हा करायची ते ठरवणे, अट घालणे, चूक कुठे झाली ती शोधून काढणे, हे कटिंग. जावा की पायथन, हा मशीनचा प्रश्न. एका भाषेत कटिंग पक्के झाले की दुसरी भाषा शिकणे फार सोपे जाते. म्हणूनच ‘वर्षात बारा भाषा’ देणारा वर्ग आम्हाला पटत नाही. तो बारा मशीनची नावे सांगतो आणि कटिंग एकाचेही शिकवत नाही.

कारागिरांच्या घरात या विषयाची भीती बाळगण्याचे तर काहीच कारण नाही. फ्रान्समधील लियाँ शहरच्या जकार्ड या विणकराने १८०४ च्या सुमारास जो माग तयार केला, त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून ताण्याचा कोणता धागा उचलायचा ते ठरत असे. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली, आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हरमन हॉलरिथ यांनी छिद्रे पाडलेल्या कार्डांवरच माणसांची मोजणी केली. येवल्यात, मालेगावात, भिवंडीत ज्याने जकार्ड पाहिले आहे, त्याने प्रोग्रॅमचा पूर्वज पाहिला आहे. प्रोग्रॅमच्या पायऱ्यांना जो ‘अल्गोरिदम’ हा शब्द आहे, तोही नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरूनच पडला आहे. नाव मोठे आहे म्हणून काम आपोआप येत नाही, पण ही विद्या परक्यांची आहे असे मुलांना वाटू देऊ नये.

घराघराचा वेगळा हिशेब

आता प्रश्न उरतो तो निवडीचा. आमच्या मते आधी घरातली गरज कोणती ते ठरवावे. वाचकांच्या घरांत ती साधारण चार प्रकारची असते.

पहिले घर दुकानदाराचे. मुलगा किंवा मुलगी पुढे दुकानच पाहणार आहे. अशा मुलाला जावाच्या मागे लावणे म्हणजे किराणा दुकानाला ट्रक घेऊन देणे. त्याने आधी एक्सेल किंवा लिबरऑफिसचे कोष्टक नीट शिकावे. नीट म्हणजे रंग भरणे नव्हे, सूत्रे लिहिणे आणि एका यादीतला माल दुसऱ्या यादीशी ताडून पाहणे. त्यानंतर एसक्यूएल. ‘ज्यांच्याकडे ९० दिवसांहून जुनी बाकी आहे अशा खातेदारांची नावे, रकमेच्या उतरत्या क्रमाने’ हा प्रश्न एसक्यूएलमध्ये चार-पाच ओळींत विचारता येतो. ज्या दुकानदाराला दर शनिवारी ही यादी मिळते, त्याची वसुली आणि ज्याला ती वर्षाअखेरीस मिळते त्याची वसुली, यांतला फरक आम्ही सांगायला नको. ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे, त्यांनी टॅलीची स्वतःची टीडीएल ही भाषा आहे हे लक्षात ठेवावे. बिलाचा नमुना, जास्तीचा रकाना, वेगळा अहवाल तिच्यात करता येतो, आणि हे काम जाणणाऱ्याला बाजारात मागणी आहे. टॅलीचा जन्मच मुळी एका व्यापाऱ्याच्या गरजेतून झाला. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्यासाठी मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी ते लिहिले आणि १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. आधी दुकानाची अडचण आली, मग सॉफ्टवेअर आले.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. १ ऑगस्ट २०२३ पासून तर पाच कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्यास दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. ही बिले ‘जेसन’ नावाच्या साच्यात सरकारी यंत्रणेकडे जातात. जेसन ही काही अवघड विद्या नव्हे. नाव आणि त्यापुढे किंमत, अशी ती मांडणी असते. घरातल्या मुलाला ती वाचता आली तर बिल का परत आले हे विचारायला दर वेळी दुसऱ्याच्या दारात जावे लागत नाही.

दुसरे घर कारखानदाराचे किंवा कारागिराचे. लेथ, मिलिंग किंवा लाकडावर नक्षी कोरणारे सीएनसी यंत्र ज्यांच्याकडे आहे किंवा येणार आहे, त्यांच्या मुलाने जी-कोड शिकावा. यंत्राचे हत्यार कुठून कुठे, किती वेगाने न्यायचे, हे सांगणारी ही भाषा १९५० च्या दशकाअखेरीपासून चालत आली आहे आणि आजही चालते. भरतकामाच्या संगणकी यंत्रांवर डीएसटी साच्यातल्या फायली लागतात. त्या बनवण्याचे महागडे सॉफ्टवेअर परवडत नसेल तर इंकस्केप आणि त्याला जोडणारे इंक-स्टिच ही मोफत साधने आहेत. इंक-स्टिच हे पायथनमध्येच लिहिलेले आहे. फ्रीकॅड नावाच्या मोफत आरेखन सॉफ्टवेअरमध्येही पायथनच्या ओळी लिहून तेच तेच काम यंत्राकडून करून घेता येते. ज्या मुलाला विजेच्या कामाची आवड आहे, त्याने सी शिकावी. अर्डुइनोच्या छोट्या पाटीवर सी आणि सी प्लस प्लसच चालते, आणि मागाचा धागा तुटला की दिवा लावणारे, भट्टीचे तापमान मोजणारे साधन त्यावर करून पाहता येते. ज्याच्या हाताला जरीचा किंवा लाकडाचा अनुभव आहे आणि ज्याला या ओळीही लिहिता येतात, असा माणूस नुसत्या पदवीधरापेक्षा कारखान्याला अधिक उपयोगी, असे आमचे ठाम मत आहे.

तिसरे घर नोकरी हवी असलेल्याचे. येथे आमच्यावर आक्षेप येईल. "तुम्ही म्हणता काम पाहा, पण कंपनी तर जाहिरातीत भाषेचेच नाव लिहिते." आक्षेप बरोबर आहे, आणि नोकरी हवी असेल त्याने बाजार पाहिलाच पाहिजे. मात्र बाजार पाहावा तो व्यापाऱ्यासारखा. माल भरण्यापूर्वी आपण कोणता माल उठतो ते स्वतः फिरून पाहतो, कंपनीच्या एजंटाला विचारत नाही. तसेच येथे करावे. मुलगा ज्या शहरात खरोखर जाऊन राहू शकतो त्या शहरातील, नवख्यांसाठी असलेल्या तीस जाहिराती त्याने गोळा कराव्यात आणि कोणत्या भाषेचे नाव किती वेळा आले ते कागदावर रेघा मारून मोजावे. पुणे-मुंबईच्या जाहिरातींत जावा, जावास्क्रिप्ट, पायथन, सी शार्प आणि एसक्यूएल ही नावे पुन्हा पुन्हा दिसतात. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही १९९५ च्या. नावे सारखी असली तरी भाषा वेगळ्या आहेत, हे फी भरण्यापूर्वी माहीत असावे. मोठ्या कंपन्यांच्या आणि बँकांच्या कामात जावा खोलवर रुजली आहे. ब्राउझरमध्ये जे जे हलते ते मुख्यतः जावास्क्रिप्टने हलते. माहितीची छाननी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या कामांत पायथन पुढे आहे. यांपैकी एक भाषा आणि तिच्या जोडीला एसक्यूएल, एवढे पक्के केले तर नवख्याचा पाया झाला.

चौथे घर स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्याचे. बाजारातील दुकानदारांना वेबसाइट करून द्यायची, बिलांचे छोटे प्रोग्रॅम द्यायचे. त्याने एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट शिकून पीएचपीकडे यावे. वर्डप्रेस हे २००३ पासूनचे, जगभर चालणारे साधन पीएचपीमध्ये आहे आणि स्वस्तातल्या होस्टिंगवर चालते. शहरी तरुण पीएचपीला जुनी म्हणून नाक मुरडतात. मुरडोत. गिऱ्हाइकाला साइट चालण्याशी मतलब असतो. एक गोष्ट मात्र या मुलाने लिहून ठेवावी: मराठी आणि उर्दू मजकूर युनिकोडमध्येच ठेवायचा. प्रत्येक कंपनीच्या वेगवेगळ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कितीतरी बाडे आज तो फॉन्ट नसल्यामुळे नुसत्या खुणा बनून पडली आहेत.

औजारांची पेटी

भाषेबरोबर औजारेही लागतात, आणि फसगत जास्त होते ती इथेच. लिहिण्यासाठी चांगला संपादक हवा. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड २०१५ पासून मोफत मिळतो आणि साध्या कामाला साधी नोंदवहीही चालते. दुसरे औजार गिट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. कोणत्या दिवशी कोणती ओळ बदलली, कोणी बदलली, याची ते वहीसारखी नोंद ठेवते आणि चूक झाली तर मागे जाता येते. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करू नये, चुकीची नोंद उलट नोंदीने फिरवावी, ही शिस्त ज्याला समजते त्याला गिट समजायला वेळ लागत नाही. नोकरीच्या ठिकाणी हे येतेच असे गृहीत धरतात, पण फलकावर त्याचे नाव क्वचितच दिसते. माहिती साठवण्यासाठी एसक्यूलाइट, पोस्टग्रेस ही उत्तम आणि मोफत साधने आहेत.

चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल आम्ही स्पष्ट बोलू. ‘क्रॅक’ केलेले महागडे सॉफ्टवेअर संगणकात भरून देणारे वर्ग आणि दुकाने आहेत. दुसऱ्याचा माल न विचारता घेणे जसे दुकानात गैर, तसे ते येथेही गैरच. शिवाय त्यातून व्हायरस येतो आणि पुढे तेच सॉफ्टवेअर विकत घेण्याची ऐपत नसेल तर शिकलेली विद्या वापरता येत नाही. तेव्हा मुळातच मोफत आणि खुल्या साधनांवर शिकावे.

पण मोफत या शब्दालाही नीट वाचावे. जावाची जनक सन ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. जानेवारी २०१९ नंतर ओरॅकलच्या ‘जावा ८’ चे नवे सुधार धंद्यात वापरायचे तर पैसे भरावे लागू लागले. ज्यांनी करारनाम्याकडे पाहिले नव्हते ते गोंधळले, आणि ज्यांना ओपनजेडीके हा खुला पर्याय माहीत होता ते शांतपणे तिकडे वळले. भाषा तीच होती, बदलला तो करार. आणि करार वाचण्याची सवय तर व्यापाऱ्याला असायलाच हवी.

यंत्रच लिहीत असेल तर?

हल्ली नवा प्रश्न येतो. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आले आणि प्रोग्रॅम लिहून देणारी कोपायलटसारखी साधनेही आली. मग शिकायचेच कशाला? आमचे उत्तर मुनीमजींच्या उदाहरणाने देतो. वही मुनीम लिहितो म्हणून शेटजीला वही वाचता येऊ नये, असे कुणी म्हणत नाही. उलट ज्याला वाचता येत नाही, तो वही न पाहता सही करतो आणि ताळेबंदाच्या दिवशी रडतो. ही यंत्रे झटपट आणि आत्मविश्वासाने लिहितात, पण चूकही त्याच आत्मविश्वासाने करतात. उधारीच्या यादीतून परत आलेला माल वजा करायचा राहिला, ही चूक पकडायला हिशेबही कळावा लागतो आणि ओळीही वाचता याव्या लागतात. नुसत्या ओळी बडवणाऱ्याचे काम यामुळे कमी होईल, हे आम्हाला खरे वाटते. म्हणूनच पाठांतर करवून घेणाऱ्या वर्गाची फी आता पूर्वीपेक्षाही महाग पडणार आहे. शिकणाऱ्याने यंत्राला विचारावे, पण पहिला प्रयत्न स्वतः करावा आणि उत्तराची प्रत्येक ओळ का आहे हे सांगता येईपर्यंत ती वापरू नये.

फी भरण्यापूर्वी

पालकांना आमची विनंती आहे की एक महिना थांबा. घरी किंवा नातेवाइकाकडे जो जुना संगणक असेल त्यावर मुलाला पायथन घेऊ द्या. ती मोफत आहे आणि पहिली भाषा म्हणून सोपी आहे. शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ धडे आहेत, त्यांतले अनेक मराठीतही आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग फी न भरता पाहता येतात. ज्याला प्रमाणपत्र आणि शिस्त दोन्ही हवे त्याच्यासाठी सरकारी आयटीआयमध्ये संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायक हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. एमएस-सीआयटी चांगलीच, पण ती संगणकाची तोंडओळख आहे, प्रोग्रॅमिंग नव्हे.

त्या महिन्यात मुलाला एकच काम द्या. आपल्या दुकानाची उधारीची यादी, नाही तर कारखान्यातील मजुरांच्या आठवड्याच्या हिशेबाची यादी संगणकाकडून काढून दाखव. महिन्याच्या अखेरीस ती मोडकीतोडकी का होईना पण निघाली, आणि त्यासाठी पोरगा एखादी रात्र जागला असेल, तर फी जरूर भरा. नाही निघाली तर त्याला दोष देऊ नका. त्याचा कल दुसरीकडे आहे हे एक महिन्यात कळले, दोन वर्षांनी नव्हे, एवढेच.

आणि वर्गात गेल्यावर चालकांना पाच गोष्टी विचारा. शिकवणाऱ्याने स्वतः कोणता प्रोग्रॅम लिहून चालवला आहे? आठवड्याला किती तास मुलाचा स्वतःचा हात संगणकावर असेल? कोर्सच्या शेवटी मुलगा स्वतः काय बनवून दाखवेल? वापरातले सॉफ्टवेअर रीतसर आहे की चोरीचे? फी हप्त्यांनी घेता का, आणि मध्येच सोडल्यास किती परत मिळते? ज्या वर्गाचा चालक या प्रश्नांनी चिडतो तेथून उठून यावे. जो शांतपणे उत्तरे देतो त्याच्याकडे जावा असो वा पायथन, मुलगा शिकेल.

जे व्यापारी बंधू दुसऱ्याकडून प्रोग्रॅम करून घेतात, त्यांनाही जाता जाता सांगतो. पैसे चुकते करण्यापूर्वी सोर्स कोड हातात घ्या, आणि सारी माहिती साध्या फायलीत बाहेर काढून दाखवायला सांगा. आम्ही हे केले नाही. तो जुना संगणक अजून आमच्या माळ्यावर पडून आहे.